नव्या छोट्या नाटकांची नावं सुचवा (पाच जण, एक खोली, दिवे नाहीत)

रिकामी खुर्ची
मंडळी, मदत हवीये. आमचा पाच जणांचा गट आहे, तीन बायका दोन पुरुष, त्यातले दोघं आयुष्यात कधी स्टेजवर चढलेले नाहीत. जागा म्हणजे एक मोठी खोली, समोर तीसेक माणसं बसतील, ट्यूबलाइट सोडून प्रकाशयोजना शून्य. दहा ते पंचवीस मिनिटांची दोन-तीन नाटुकली लागोपाठ करायचीत. अट एकच, लेखक हयात असावा किंवा निदान लिखाण आत्ताच्या जगातलं वाटावं. गेल्या वेळी आम्ही सगळ्यांना पाठ असलेली एक जुनी एकांकिका केली आणि प्रेक्षक आमच्या आधी वाक्यं म्हणत होते, ते परत नको. आणि प्लीज नुसती यादी देऊ नका, याद्या मलाही सापडतात. ते करताना कुठे फाटतं तेही सांगा.

तिसरी घंटा
डेव्हिड आइव्ह्जचं 'शुअर थिंग' वाचलंय का? दोन पात्रं, एक कॅफे, एक घंटा. तो तिच्या टेबलापाशी येतो, बोलणं सुरू होतं, कुणीतरी चुकीचं काहीतरी बोलतं की घंटा वाजते आणि मागे जाऊन पुन्हा तिथूनच सुरू. असं करत करत ते दोघं एकदाचे जुळतात. दहा-बारा मिनिटांत आटपतं, नेपथ्य म्हणजे टेबल आणि दोन खुर्च्या.

आता फाटतं कुठे तर घंटेपाशी. सगळ्यांना वाटतं घंटा वाजवणं हे उरलेल्या माणसाचं काम, म्हणून ज्याला अभिनय येत नाही त्याच्या हातात देतात. उलट आहे! घंटेवाला हा तिसरा नट आहे, अर्धा सेकंद उशीर झाला की विनोद मेला. आणि नटांनी घंटेनंतर "आता मी रीसेट झालो" असा चेहरा करायचा नाही, मागचं काही घडलंच नाही असं सरळ पुढे जायचं. आम्ही पहिल्या तालमींत प्रत्येक घंटेला मान झटकत होतो, रोबोट दिसत होतो नुसते.

वाचनमात्र
वाचनखूण साठवतोय. चालू द्या.

विंगेतला
घंटाताई, राग मानू नका पण 'शुअर थिंग' १९८८ चं आहे. त्यात दोन अनोळखी माणसं पुस्तकावरून बोलायला लागतात, आज ती दोघं मान खाली घालून फोनमध्ये असती. चांगलं आहे यात वाद नाही, पण "नवं" म्हणून गेली पस्तीस वर्षं तेच सुचवलं जातंय.

माझ्या मते सध्या सगळ्यात नवं लिहिणारी बाई १९३८ साली जन्मलेली आहे. कॅरिल चर्चिल. विशी-पंचविशीतले लेखक दोन अंकी कौटुंबिक नाटकं लिहितायत आणि ही बाई ऐंशी ओलांडल्यावर वीस मिनिटांची नाटकं लिहितेय, त्यातही एक शब्द जास्त नाही. 'व्हॉट इफ इफ ओन्ली' बघा, २०२१, लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरला झालं. जवळचं माणूस गमावलेली एक व्यक्ती त्या गेलेल्या माणसाशी बोलत बसलीये आणि येतं कोण, तर जे घडू शकलं असतं पण घडलं नाही असं एक भविष्य. मग भविष्यांची गर्दीच. बोलून दाखवलं तर फॅन्टसी वाटते पण वाचताना घशात काहीतरी अडकतं. त्याआधी २०१९ ला तिथेच चार छोटी नाटकं एका रात्रीत झाली होती, 'ग्लास', 'किल', 'ब्लूबियर्ड', 'इम्प'. 'ग्लास' मधली मुलगी काचेची आहे. म्हणजे खरंच काचेची. ते दाखवायला काही लागत नाही, आणि खोलीतल्या गटाला हे फारच सोयीचं. काचेचा पोशाख करायला गेलात की संपलात, नटीने नुसतं जपून बसायचं, आणि बाकीच्यांनी तिच्या जवळून जाताना जरा अंग चोरायचं. बास.

तिसरी घंटा
राग कशाला, मान्य. पण मग "पुन्हा पहिल्यापासून" हीच गंमत चर्चिलनेही केलीये की, 'हार्ट्स डिझायर' मध्ये, १९९७. आई-बाप आणि आत्या, मुलगी ऑस्ट्रेलियाहून परत यायचीये, वाट बघतायत, आणि प्रवेश तुटून तुटून परत सुरू होतो. आइव्ह्जकडे प्रत्येक वेळी गोष्ट सुधारत जाते. इथे प्रत्येक वेळी घरातलं काहीतरी कुजकं बाहेर पडतं. मध्येच एक दहा फुटी पक्षी आत येतो, रिकामी खुर्ची यांच्या खोलीत तो मावेल की नाही माहीत नाही :)

उगाच
मला एक कळत नाही, छोटं नाटक म्हटलं की लगेच लंडन-न्यूयॉर्क का? आपल्याकडे एकांकिका हा प्रकार ढिगाने लिहिला जातो, दर वर्षी पोरं नव्या संहिता घेऊन उभी राहतात. महेश एलकुंचवारांची 'सुलतान' १९६७ ची, 'होळी' एकांकिकेवर पुढे सिनेमा झाला, सतीश आळेकरांनी 'झुलता पूल' पासूनच सुरुवात केली. ही माणसं आजही आपल्यात आहेत, आणि अजून वाचली तरी जुनी वाटत नाहीत. घरचं सोडून भाषांतरं कशाला?

विंगेतला
उगाच, मुद्दा उगाच नाहीये :) पण रिकामी खुर्ची यांनी पाच माणसं आणि ट्यूबलाइट सांगितलीये. आपल्या गाजलेल्या नव्या एकांकिकांपैकी बऱ्याच स्पर्धेसाठी बांधलेल्या असतात. म्हणजे वीस जणांचा कोरस, लेव्हल्स (उंच-सखल चौथरे), दर तीन मिनिटांनी काळोख, लाइव्ह ढोलकी, आणि शेवटच्या मिनिटाला परीक्षकांकडे बघून म्हणायचं एक टाळीचं वाक्य. मी स्वतः अशा पाच-सहा केल्यात, मजा आली, नाकारत नाही. पण काळोख काढून घेतला की त्यातल्या निम्म्या उभ्याच राहत नाहीत, कारण प्रवेश संपवायचा कसा हे लेखकाने दिव्यावर सोडलेलं असतं. संहिता निवडताना एक सोपी परीक्षा करा, सगळ्या प्रकाशसूचना पेनाने खोडा आणि मग वाचा. उरलं तर घ्या.

दुसरं म्हणजे आपल्याकडे एकांकिकेला पुष्कळदा पुढच्या नाटकाची चाचणी समजतात. 'ऑल द बेस्ट' आधी एकांकिका होती. प्राजक्त देशमुखचं 'देवबाभळी' सुद्धा, मग २०१७ ला दोन अंकी संगीत नाटक झालं आणि सुंदर झालं. दोनच बायका, आवली आणि रखुमाई, तरी स्टेज भरून जातं. पण अशी उदाहरणं बघून झालंय काय की लिहिणारा एकांकिकेतच पुढच्या अंकाला जागा ठेवतो. पंचवीस मिनिटांतच जे पूर्ण होतं, एक मिनिट वाढवलं तर बिघडेल, असं नाटक कमी मिळतं. मी तेच शोधतोय आणि मला वाटतं धागाकर्तीही.

उगाच
हं. खोडून बघायची युक्ती आवडली. माझ्या दोन आवडत्या संहितांवर करून बघितली, एक वाचली एक गेली. कुठली ते सांगणार नाही.

प्रॉम्प्टर काकू
उशिरा आले धाग्यावर. ज्या दोघांना अनुभव नाही त्यांचा विचार कुणी केला नाही अजून, तो आधी करा. नवख्या माणसाला पंचवीस मिनिटं एकच पात्र धरून ठेवायला लावलं की तो पाठांतरातच मरतो, समोरचा काय म्हणतोय ते ऐकतच नाही, स्वतःच्या वाक्याची वाट बघत उभा. त्याला तीन-तीन मिनिटांची चार माणसं द्या, बघा कसा सुटतो.

त्यासाठी चर्चिलचंच 'लव्ह अँड इन्फर्मेशन' (२०१२). पूर्ण केलं तर मोठं नाटक आहे, पन्नासहून जास्त तुकडे आणि शंभराच्या वर पात्रं, पण तुकडे अगदी छोटे, काही तर चार ओळींचे. आणि कुठलं वाक्य कुणाचं हे लिहिलेलंच नाही! नाव नाही, वय नाही, जागा नाही. ते तालमीत ठरवायचं. आमच्याकडे एका तुकड्यात एकाला एक गुपित माहितीये आणि दुसरा ते सांग म्हणून मागे लागलाय, हे आम्ही आधी प्रियकर-प्रेयसी म्हणून केलं, मग दोन म्हाताऱ्या मैत्रिणी म्हणून, मग लिफ्टमधले दोन सहकारी. शब्द तेच. तिसऱ्या वेळी आमचा सगळ्यात लाजाळू माणूस असा काही खवळला की आम्ही बघतच राहिलो. असं दोन आठवडे नुसतं खेळा, पाठांतर आपोआप होतं.

एक मात्र, निवडून पाच-सहा तुकडेच करायचे ठरवलंत तर आधी विचारा. अख्ख्या नाटकाची रचना लेखिकेने आखून दिलीये, कुठले प्रवेश कुठल्या भागात हे ठरलेलं आहे, फक्त त्या भागाच्या आत क्रम बदलता येतो. आपल्याला हवं ते उचलून "छोटं नाटक" म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या साडीचा ब्लाउज शिवणं.

शब्दखोर
काकू, इथे माझं दुखणं सांगतो. मी हेच तुकडे मराठीत आणायला बसलो होतो. इंग्रजीत बोलणारा बाई की बाप्या हे शेवटपर्यंत झाकून ठेवता येतं. मराठीत पहिल्याच क्रियापदाला पितळ उघडं. "मी जातो" की "मी जाते"? बरं ते टाळलं तर "तू" की "तुम्ही"? म्हणजे लेखिकेने जे मुद्दाम मोकळं ठेवलंय ते माझी भाषा दोन ओळींत ठरवून टाकते, नटांना खेळायला काही उरत नाही.

मग सापडलं की वाट आहे. "मला वाटतं", "मी पाहिलं", "माझ्याकडून राहिलं", "मला जमणार नाही", यात बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. भूतकाळात कर्माप्रमाणे क्रियापद फिरतं त्याचा इतका उपयोग शाळेत कधी कुणी सांगितला नव्हता. सगळा तुकडा अशा वाक्यांत बसवला. पण वाचल्यावर लक्षात आलं की माणसं जरा गुन्हेगारासारखी बोलतायत, "माझ्याकडून झालं", "मला कळलं", कुणी काही करतच नाही, सगळ्यांचं आपोआप होतंय. दोन ठिकाणी ते फारच शोभलं, बाकी ठिकाणी झक मारत "जाते" लिहिलं.

तिचंच दहा मिनिटांचं 'सेव्हन ज्युइश चिल्ड्रन' (२००९) त्या मानाने मराठीत सरळ येतं, कारण जवळजवळ प्रत्येक ओळ "तिला सांगा" नाहीतर "तिला सांगू नका" अशीच. मोठी माणसं एका लहान मुलीला काय कळू द्यायचं यावर बोलतायत आणि ती मुलगी रंगमंचावर येतच नाही. विषय गाझाचा, तेव्हाही खूप वाद झाला होता, गटात आधी बोलून घ्या. हे कुणीही फुकट करू शकतं, पैसे लेखिकेला द्यायचे नाहीत, पण शेवटी पॅलेस्टाइनमधल्या वैद्यकीय मदतीसाठी झोळी फिरवायची, अशी तिची अट होती.

नेपथ्यवाला
पाच जण, खोली, दिवे नाहीत... विल इनोचं 'ओह, द ह्युमॅनिटी' कुणीच का नाही घेतलं? पाच छोट्या नाटुकल्यांचा संच आहे. एकात हरलेल्या टीमचा कोच पत्रकार परिषद घेतोय आणि बोलता बोलता खेळावरून स्वतःच्या आयुष्यावर घसरतो. एकात विमान अपघातानंतर कंपनीची प्रवक्ती मृतांच्या नातेवाइकांसमोर उभी आहे आणि तिच्याकडे सांत्वन करायला शब्दच नाहीत. एकात दोघं जण वेगवेगळे बसून, जोडीदार शोधण्याच्या व्हिडिओसाठी, स्वतःबद्दल कॅमेऱ्याला सांगतायत. नेपथ्य काय तर एक टेबल, मायक्रोफोन, खुर्ची. आणि सगळ्यात भारी म्हणजे प्रेक्षक कोण हे ठरलेलं असतं. ट्यूबलाइटखाली बसलेली तीस माणसं म्हणजे पत्रकार, मग नातेवाईक. तुमची अडचण हेच नेपथ्य.

धोका एक आहे. हे लिखाण विनोदी दिसतं आणि नट पहिल्या हशाला चटावतो. कोचचं काम करणाऱ्याने एकदा "मी किती मजेशीर" असं दाखवलं की प्रवक्तीच्या वेळी कुणीच गंभीर होत नाही. सपाट बोलायचं. फारच सपाट.

विंगेतला
+१. विसरलोच होतो.

तिसरी घंटा
मंजुळा पद्मनाभन यांचं 'लाइट्स आउट' पण. एका फ्लॅटमध्ये जेवायला आलेली शिकली-सवरलेली माणसं, शेजारच्या अर्धवट इमारतीतून एका बाईच्या किंकाळ्या येतायत, आणि हे नक्की काय चाललंय, पोलिसांना बोलवायचं का, आपण मध्ये पडायचं का यावर चर्चा. चर्चाच. मुंबईत १९८२ साली घडलेल्या घटनेवरून लिहिलेलं. तुमच्या वेळेत बसणार नाही, तीन प्रवेश आहेत, पण वाचन नक्की करा. आज करायचं तर एकच बदल मनात येतो, आता ती माणसं खिडकीतून शूट करत बसतील. (संहितेत घालू नका हां, मनात येतो म्हटलं!)

कोरा कागद
मी फक्त वाचतो इथे, पहिलाच प्रतिसाद. पाच मिनिटांची नाटकं चालतील का? 'क्लायमेट चेंज थिएटर अॅक्शन' म्हणून एक उपक्रम २०१५ पासून दर दोन वर्षांनी होतो, जगभरच्या पन्नासएक लेखकांना हवामान बदलावर पाच मिनिटांचं नाटक लिहायला सांगतात आणि ती कुठल्याही गटाला, अगदी घरच्या खोलीतसुद्धा, करता यावीत अशी सोय असते. आणि सुझन-लोरी पार्क्स, तिने नोव्हेंबर २००२ पासून वर्षभर रोज एक नाटक लिहिलं, '३६५ डेज/३६५ प्लेज', काही जेमतेम पानभर. पुढे २००६-०७ मध्ये शेकडो गटांनी मिळून वर्षभर ते केलं.

विंगेतला
स्वागत. दोन्ही चांगलं सुचवलंत पण चाळणी मोठी लागेल. हवामानवाल्या नाटकांत काही फारच सुरेख आहेत आणि काही म्हणजे पत्रकाला दिलेली दोन नावं, एक पात्र आकडे सांगतं आणि दुसरं "अरे बापरे" म्हणतं. पार्क्सचंही तसंच, रोज लिहायचं म्हटल्यावर काही दिवस रिकामे जाणारच. पण मला तो रिकामा दिवससुद्धा आवडतो, त्या दिवशी तिने काय लिहिलं असेल ते बघायला. पाच मिनिटांच्या नाटकात दुरुस्तीला वेळ नसतो, पहिल्या तीन वाक्यांत कोण कुठे का हे कळलं नाही तर उरलेली चार मिनिटं प्रेक्षक तेच शोधत बसतो.

प्रॉम्प्टर काकू
आणि परवानगी! सगळे नावं देतायत. तिकीट नाही म्हणजे परवानगी नको हा गोड गैरसमज आहे, कायदा देशोदेशी वेगळा असेल पण पत्र टाकायला काय जातं? पुस्तकाच्या पहिल्या पानांवर प्रयोगाच्या हक्कांसाठी कुणाला लिहायचं ते छापलेलं असतं. भाषांतराची परवानगी वेगळी, प्रयोगाची वेगळी, हे विसरू नका. आधी भाषांतर करून, बसवून, मग आदल्या दिवशी विचारणं हा आपला आवडता क्रम. नाटककार सॅम्युएल बेकेटच्या बाबतीत तर नाटकात कंस टाकून दिलेली सूचना बदलली तरी त्याचे वारस हरकत घेतात. मराठी लेखकाला फोन करून विचारलंत तर बहुतेक आनंदच होतो, एवढंच म्हणतात की प्रयोगाला बोलवा. मानधन द्या पण, न मागता.

शब्दखोर
अवांतर: पाठांतराचीच भीती असेल तर नसीम सुलेमानपूरचं 'व्हाइट रॅबिट रेड रॅबिट'. इराणी लेखक, सक्तीची लष्करी सेवा नाकारली म्हणून पासपोर्ट नव्हता, स्वतः देशाबाहेर जाता येईना तर नाटक पाठवलं. नटाला संहिता प्रेक्षकांसमोर बंद पाकिटातून मिळते, तालीम नाही, दिग्दर्शक नाही, आणि एका नटाने एकदाच करायचं. तासाच्या वर जातं म्हणून अवांतर. यापुढे कुणी काही सांगू नका आणि शोधूही नका, नाहीतर तुम्ही बाद.

रिकामी खुर्ची
सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी परत आलेय. आम्ही चार संध्याकाळी नुसतं वाचन केलं. 'शुअर थिंग' पहिल्या दिवशी सगळ्यांना आवडलं आणि तिसऱ्या दिवशी कुणालाच परत वाचायचं नव्हतं, का ते सांगता येत नाही, कदाचित गंमत कळून गेली. 'व्हॉट इफ इफ ओन्ली' चं उलटं झालं. पहिल्यांदा सगळे गप्प, एक जण म्हणाला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा त्यानेच मोठ्याने वाचलं आणि मध्येच थांबला, त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेलेत. मग आम्ही त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

इनोची प्रवक्ती आमच्यातली नवखी करतेय. तिला अभिनय येत नाही असं ती म्हणते आणि त्या भूमिकेला नेमकं तेच हवंय. सपाट बोल हे सांगावंच लागलं नाही, घाबरूनच सपाट बोलते. भीती वाटतेय की तालमी करून ती सुधारेल.

दोन्हींच्या परवानगीची पत्रं टाकलीत, भाषांतराचीही, उत्तर आलेलं नाही. तोवर उगाच यांच्या सांगण्यावरून 'सुलतान' वाचायला घेतलंय, आणि प्रकाशसूचना पेन्सिलीने खोडल्यात, पेनाने नाही, पुस्तक लायब्ररीचं आहे.

शब्दखोर, एक विचारायचं होतं, "व्हॉट इफ" ला "समजा" म्हटलं तर चालेल का? आमच्यात दोन तट पडलेत. एक "समजा" आणि एक "असतं तर".

शब्दखोर
"असतं तर". "समजा" मध्ये अजून आशा आहे. पण थांबा, नाटकातल्या त्या लहान मुलाच्या तोंडी कदाचित "समजा"च बरोबर. संहिता समोर घेऊन बसतो, रात्री लिहितो.